हवेच्या टाकीतल्या जिवाणूंना खुले पत्र

प्रति,
समस्त जिवाणू कर्मचारी वर्ग,
सांडपाणी प्रक्रिया केंद्रे, रायपूर.
अर्जदार : रायपूरजवळच्या सिलतऱ्यात राहणारा एक मराठी गृहस्थ.
विषय : आपल्या कामचुकारपणाबाबत.

महोदय,

आपण दिवसभर खाता आणि पोट भरले की तळाशी बसता. एवढ्याशा कामासाठी निमोरा, चंदनीडीह आणि कारा इथे मिळून रोज 20 कोटी लिटर क्षमतेची केंद्रे बांधावी लागली, हे अर्जदाराला खटकते.

आपल्याला नोकरी लावून दिली मँचेस्टरच्या आर्डर्न आणि लॉकेट या जोडीने, 1914 साली. सांडपाण्यात हवा सोडायची, खाली बसलेला गाळ फेकायचा नाही, पुढच्या पाण्यात पुन्हा कालवायचा. आठवड्यांचे काम तासांवर आले. जुन्या नोकरांना कामावर ठेवण्याचा असा फायदा सरकारी खात्यांत क्वचितच दिसतो.

अजूनही रीत तीच. जाळीवर चिंध्या आणि गुटख्याच्या पुड्या अडतात, पुढच्या टाकीत वाळू बसते, मग पाणी आपल्यापुढे येते. एसबीआर पद्धतीत एकच टाकी भरते, तिच्यात हवा घुसळली जाते, मग सगळे थांबवून गाळ बसू देतात आणि वरचे निवळलेले पाणी काढून क्लोरीनकडे पाठवतात. आपली हजेरी ऑपरेटर एक लिटरच्या मोजपात्रात घेतो : अर्ध्या तासात गाळ कुठवर बसला? बसायचे सोडून तरंगत राहिला, तर तंतूसारखे जिवाणू माजले असा संशय. थोडक्यात, खाली बसून राहिल्याबद्दल शाबासकी मिळणारे हे एकमेव खाते असावे.

पगार म्हणजे ऑक्सिजन, लिटरमागे साधारण 2 मिलिग्रॅम. तो ब्लोअर देतो आणि केंद्राच्या विजेतला मोठा हिस्सा तोच खातो. काटकसरीची लहर आली की पहिली गदा ब्लोअरवर येते. मग आपण गुदमरता, टाकी काळी पडते, वास सुटतो आणि नागरिक म्हणतात, ‘प्लांट फेल!’

नागरिकांनी मात्र आपला वाटा चोख उचलला आहे. तळणीचे तेल, उरलेला रंग, संडास धुण्याचे अ‍ॅसिड, सगळे त्यांनी न चुकता मोरीत ओतले. पावसाळ्यात गच्चीचे पाणीही गटारात सोडले, म्हणजे आपण टाकीतून वाहूनच जावे.

बरे, कामाचा बोजा म्हणावा तर तोही नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2021 च्या अहवालानुसार देशातल्या शहरांतून रोज 72,368 दशलक्ष लिटर मैलापाणी निघते आणि प्रक्रिया होते 20,236 दशलक्ष लिटरवर. बाकीचे आपल्याला त्रास न देता परस्पर नदीत जाते. कित्येक गावांत केंद्राचे उद्घाटन होते, घरांच्या जोडण्या राहून जातात. तिथले आपले भाऊबंद उपाशी असतात.

तिकडे भांडेवाडीतल्या आपल्या सहकाऱ्यांनी तर हद्दच केली. त्यांनी साफ केलेले पाणी नागपूर महापालिका कोराडीच्या औष्णिक वीजकेंद्राला देते. असली खोड सिलतऱ्याला लागू नये. इथे स्पंज आयर्नच्या भट्ट्या आहेत, पोलादाचे कारखाने आहेत, त्यांना थंडाव्यासाठी पाणी हवेच असते. पण रायपूर खारून नदीचे ताजे पाणी पिते, मग भट्टीनेच दुसऱ्यांचे वापरलेले पाणी का घ्यावे? तिलाही काही मान आहे.

तरी वरील बाबींचा लेखी खुलासा सात दिवसांत सादर करावा.

आपला,
अर्जदार

प्रत : ब्लोअर, माहितीसाठी (चालू असल्यास).
प्रत : वीजबिल विभाग, योग्य त्या कार्यवाहीसाठी.