चाकांवरील पाणीपुरवठा : मुख्याधिकाऱ्यांसाठी नियमावली

ज्या गृहस्थाने कॅम्पर व्हॅन विकत घेतली, किंवा एखाद्या जुन्या टेम्पोच्या पोटात पलंग, शेगडी आणि मोरी बसवून ती घडवून घेतली, तो त्याच दिवशी, कोणतीही परीक्षा उत्तीर्ण न होता, एका चालत्या नगरपालिकेचा मुख्याधिकारी झाला, हे त्याने प्रथम ध्यानात घ्यावे; कारण टाकी, पंप, नळ आणि सांडपाणी ही चारही खाती यापुढे त्याच्याच दप्तरी राहणार असून, तक्रारदार नागरिक सहकुटुंब मागच्याच बाकावर बसलेले असणार आहेत. यवतमाळ जिल्ह्याच्या सागवानी डोंगरांत मुक्काम करू इच्छिणाऱ्या अशा अधिकाऱ्यांच्या सोयीसाठी पुढील कलमे सादर आहेत.

कलम १ : चौकशी. तोटी फिरविली असता पाणी न आल्यास पंपास दोष देण्याची सार्वत्रिक प्रथा तूर्त स्थगित ठेवून, टाकीत पाणी आहे किंवा कसे याची समक्ष खातरजमा करावी. टाकी भरलेली असूनही पंप कण्हत असेल आणि टाकीच्या बाजू आत ओढल्या जात असतील, तर टाकीत हवा घेणारी बारीक नळी तपासावी. गाडी काही दिवस झाडाखाली उभी राहिली की कुंभारीण माशी त्या नळीच्या तोंडाशी, बांधकामाच्या परवान्याची वाट न पाहता, चिखलाचे पक्के घर उभारते. हवा आत गेल्यावाचून पाणी बाहेर येत नसल्यामुळे हे अतिक्रमण काडीने दूर करून नळीवर जाळी बांधावी.

पंप अखंड चालतो, पण तोटी नुसती थुंकते, असे आढळल्यास टाकी आणि पंप यांमधील सांध्यावर संशय घ्यावा. हा सांधा कोरडा ठणठणीत दिसतो, म्हणून पंचनाम्यातून नेहमी निर्दोष सुटतो. वस्तुतः तेथून पाणी गळत नाही, तर पंपच हवा ओढून घेतो. वीतभर पारदर्शक पाइप मध्ये जोडला की धावणारे बुडबुडे साक्षीस उभे राहतात. मग कडक झालेले पाइपाचे टोक बोटभर कापावे, क्लिप पुन्हा आवळावी, आणि पंपाआधीच्या गाळणीची वाटी धुऊन तिचे वायसर नीट बसवावे. याउलट, साऱ्या तोट्या बंद असता मध्यरात्री पंप मधूनमधून ‘टर्र’ करीत असेल, तर गळती पंपाच्या पुढे आहे, अथवा पंपाची झडपच पाणी मागे सोडते आहे. अशा वेळी स्विच बंद करून निजावे व चौकशी सकाळवर तहकूब करावी.

कलम २ : साठवण. शंभर लिटर पाणी म्हणजे एक क्विंटल वजन, हे कापसाच्या जिल्ह्यात निराळे समजावून सांगणे नलगे. सबब टाकी आसाजवळ असावी आणि घाटरस्त्यावर गरजेपुरतीच भरावी. भरताना मात्र दिसेल त्या कूपनलिकेस पाइप लावू नये. पांढरकवडा आणि झरी जामणी या बाजूंच्या कित्येक कूपनलिकांच्या पाण्यात फ्लोराइड आहे. लिटरमागे दीड मिलिग्रॅमची मर्यादा ओलांडणारे पाणी वर्षानुवर्षे पोटात गेल्यास दात आणि हाडे त्याचा दाखला देतात. पाणी उकळल्याने फ्लोराइड जात नाही. उलट वाफ निघून गेल्याने उरलेल्या पाण्यात ते अधिक दाट होते. पिण्याची हापशी कोणती, हे गावातच विचारावे.

कलम ३ : झऱ्यांचे वेळापत्रक. पावसाचे पाणी काळ्या पाषाणाच्या भेगांतून आणि सच्छिद्र थरांतून उतरत जाते, खालचा अभंग थर लागला की आडवे वळते, आणि जेथे डोंगराची कूस उघडी पडते तेथे झरा म्हणून प्रकटते. दसऱ्यापासून थंडी सरेपर्यंत त्याचा कारभार खुला असतो. होळीनंतर पुष्कळ झऱ्यांची कचेरी बंद होते. कळंबच्या चिंतामणी मंदिरातील कुंडाचे पाणी साधारण बारा वर्षांनी चढून मूर्तीच्या चरणांस लागते अशी ख्याती आहे, परंतु इतका काळ तग धरण्याची तजवीज कोणत्याही व्हॅनमध्ये नसते. ऊन पाण्याच्या लोभाने पैनगंगा ओलांडून किनवट तालुक्यातील उनकेश्वरास जाणाऱ्यांनी तेथील गंधकयुक्त पाणी आपल्या टाकीत भरू नये, इतकेच सुचवितो.

कलम ४ : मुक्काम. टिपेश्वर अभयारण्य वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये संरक्षित आहे. वनखात्याच्या परवानगीवाचून तेथे रात्र काढणे हा पर्यटनाचा प्रकार नसून गुन्ह्याचा आहे. सबब गाडी बाहेर, कोणाच्या तरी शेतात, मालकाच्या रुकाराने उभी करावी, आणि साबणाचे पाणी झऱ्यापासून लांब, मातीत जिरवावे.

कलम ५ : रांग. २०१८ च्या उन्हाळ्यात यवतमाळ शहराने पाण्यापायी जे हाल सोसले, ते ज्यांच्या स्मरणात आहेत त्यांच्यापुढे आपल्या शॉवरचे कौतुक करू नये. डोक्यावर गुंड घेतलेल्या एखाद्या बाईने ‘टाकी केवढी हाये जी तुमची?’ असे विचारले, आणि आपण अभिमानाने ‘शंभर लिटर’ म्हणालो, तर ‘मंग इथं कायले आले?’ या पुढल्या प्रश्नास नियमावलीत उत्तर नाही.

झऱ्याकाठी सूर्यास्तानंतर जाऊ नये, कारण तेव्हा पाण्यावर पहिला हक्क ज्यांचा, ते रांगेत उभे राहत नाहीत. २०१९ साली टिपेश्वरच्या एका तरुण वाघाने, गळ्यात रेडिओ कॉलर अडकवलेली असताना, तेराशेहून अधिक किलोमीटर पायपीट करून बुलढाणा जिल्ह्यातील ज्ञानगंगा अभयारण्य गाठले. त्या संपूर्ण दौऱ्यात टाकी, पंप, क्लिप वा वायसर यांवर त्याचा एक पैसाही खर्च झाला नाही. अशा अनुभवी प्रवाशाचा क्रमांक अर्थातच पहिला, गुंडवाल्या बायांचा दुसरा, आणि मुख्याधिकारी साहेबांचा तिसरा. या क्रमाविरुद्ध अपील चालणार नाही.