हवालदाराला दाखवायचा कागद

गाडीचा विमा अपघातासाठी नसून नाक्यावरच्या हवालदारासाठी असतो, अशी आपल्याकडे पक्की समजूत आहे. सीटकव्हरचा रंग निवडायला तासभर घालवणारा माणूस पॉलिसी उघडूनही पाहत नाही. पाहिली असती, तर १९८८च्या मोटार वाहन कायद्याची सक्ती फक्त त्रयस्थ पक्षाच्या विम्याची आहे, हे कळलं असतं. म्हणजे तुम्ही ज्याला ठोकाल, त्याच्यासाठी. त्याच्या मृत्यूची वा दुखापतीची भरपाई कंपनी कमाल मर्यादेविना देते, मालमत्तेची साडेसात लाखांपर्यंत. तुमच्या चेपलेल्या बॉनेटला मात्र छदामही नाही. बिनविम्याच्या गाडीला पहिला दंड २,००० रुपये, जो मध्यम गाडीच्या वार्षिक हप्त्याहून कमी भरतो. हिशेबी मंडळी मग दंडच परवडतो म्हणतात. कलमात तीन महिन्यांपर्यंतची कैदही आहे, पण ती ओळ वाचायला चष्मा सापडत नाही.

‘मी जपून चालवतो’ हा आणखी एक आवडता युक्तिवाद. जपणाऱ्याचेही ब्रेक निकामी होतात, आणि विमा नसेल तर न्यायाधिकरणाने ठरवलेली भरपाई मालकाच्याच खिशातून जाते. कंपन्या लबाड आहेत, हा आक्षेप मात्र अगदीच पोकळ नाही. ‘सर्वसमावेशक’ पॉलिसीत प्लास्टिक आणि रबराच्या भागांच्या किमतीतून घसाऱ्यापोटी निम्मी रक्कम कापतात, आणि तुंबलेल्या पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा सुरू करून इंजिन गेलं, तर वेगळं इंजिन-संरक्षण घेतलंय का, असं विचारतात. ही अट पॉलिसीत छापलेली असते, अर्थात वाचता येणार नाही अशा टायपात.