कुंपणावरचा चॉसर

"बाई, मेथी निवडताय वाटतं? या ना जरा भिंतीपाशी. एक विचारायचं होतं."

"बोला वहिनी. ताट इथेच घेऊन येते."

"आमची सूनबाई बाहेरून एम.ए. करतेय ना, तिची परीक्षा तोंडावर आलीय. रात्री बारा-बारापर्यंत येरझारा घालत घोकत असते. फॅब्लियो, एक्झेम्प्लम, ड्रीम व्हिजन... काल हे मला हळूच विचारतात, 'तिला ताप-बिप नाही ना आला?' म्हटलं, बाईंनाच विचारावं. तुम्ही जन्मभर कॉलेजात हेच शिकवलंत. असतं तरी काय त्यात?"

"मध्ययुगीन इंग्रजी वाङ्मय, आणि त्यातले साहित्यप्रकार. खरं सांगू का वहिनी, त्यातले निम्मे प्रकार म्हणजे अंगाशी न येता दुसऱ्याबद्दल बोलायच्या युक्त्या."

"म्हणजे आपण करतो तेच की!"

"आपण निदान आवाज खाली करतो. ते लिहून ठेवत होते."

"मग परीक्षेला मीच बसते. सांगा, सांगा."

"यातलं सगळ्यात मोठं नाव जेफ्री चॉसर. १४०० साली वारला. बाप लंडनमध्ये वाईनचा व्यापारी. पोरगा तरुणपणी फ्रान्सच्या लढाईवर गेला आणि पकडला गेला. त्याला सोडवायला राजानं १६ पौंड घातले. पुढे १३७४ साली लंडनच्या बंदरावर लोकरीच्या जकातीचा हिशेब ठेवायची नोकरी लागली. राहायला शहराच्या वेशीवरचं घर, तेही बिनभाड्याचं. आणि त्याच वर्षी राजाकडून रोज एक गॅलन वाईन, जन्मभर."

"रोज गॅलनभर! बायको काही बोलत नव्हती?"

"बायको फिलिपा, राणीच्या तैनातीत. पण बोलण्यासारखी गोष्ट तिच्या बहिणीची. कॅथरिन स्विनफर्ड. राजाचा मुलगा जॉन ऑफ गाँट, त्याच्या मुलींना सांभाळायला ही बाई. मुली सांभाळता सांभाळता..."

"कळलं."

"चार मुलं झाली. जॉनच्या दोन बायका वारल्या, त्यानंतर १३९६ साली त्यानं हिच्याशी रीतसर लग्न केलं. इंग्लंडच्या राजघराण्यात आजही तिचं रक्त आहे म्हणा."

"म्हणजे चॉसरची मेव्हणी राजपुत्राची बायको! त्यानं यावर काही लिहिलं की नाही?"

"मेव्हणीबद्दल चकार शब्द नाही. पण जॉनची पहिली बायको ब्लान्श १३६८ साली गेली होती, तिच्यावर लिहिलं. आता बघा, एवढ्या मोठ्या घरचं दुःख. वाईनच्या व्यापाऱ्याचा पोरगा तोंडावर काय बोलणार? म्हणून चॉसर सांगतो, मला झोप येत नव्हती, वाचता वाचता डोळा लागला, स्वप्न पडलं. स्वप्नात रानात काळ्या कपड्यातला एक तरुण एकटाच रडत बसलाय. हा मुद्दाम वेड पांघरून त्याला विचारत राहतो, आणि तो बिचारा आपल्या बायकोचं रूप, तिचं बोलणं, सगळं सांगत सुटतो. शेवटी ती गेली हे त्याच्याच तोंडून येतं. 'द बुक ऑफ द डचेस' हे त्या कवितेचं नाव. हीच सूनबाईंची ड्रीम व्हिजन."

"चांगली युक्ती आहे. स्वप्नाला कोण जाब विचारणार!"

"म्हणून तर त्या काळात सगळे झोपायचे. विल्यम लँगलंड नावाचा त्याच काळातला दुसरा कवी. 'पिअर्स प्लाउमन' हे त्याचं मोठं काव्य. मे महिन्यातल्या एका सकाळी मॉल्व्हर्नच्या टेकड्यांवर ओढ्याकाठी याचा डोळा लागतो आणि सगळा समाज स्वप्नात दिसतो. त्यात लेडी मीड म्हणून एक बाई येते. लाल भरजरी कपडे, बोटाबोटांत अंगठ्या. ही बाई म्हणजे लाच."

"म्हणजे लाच घेणारी?"

"नाही, स्वतः लाच. माणसाच्या रूपातली. तिचं लग्न ठरलेलं असतं असत्याशी. वाद निघतो, प्रकरण वेस्टमिन्स्टरला राजापुढे जातं. तिथे न्यायाधीशच तिची समजूत काढायला धावतात, घाबरू नका, आम्ही आहोत. एक धर्मोपदेशक तर गोणभर गव्हाच्या बदल्यात तिला पापातून मोकळं करतो. वर सुचवतो, आमच्या मठाच्या खिडकीला काच बसवायचीय, तेवढी बसवून द्या, काचेवर तुमचं नाव घालतो."

"आपल्या देवळातल्या पंख्याच्या पात्यांवर असतं तसं!"

"अगदी. कुणाचं नाव घेतलं नाही, पण न्यायाधीश, साधू, सगळे उघडे पडले. याला अ‍ॅलेगरी म्हणतात. आपण रूपककथा म्हणू. आणि ओळींच्या शेवटी यमक नाही. ओळीतल्या शब्दांची पहिली अक्षरंच एकमेकांशी जुळवायची, त्याला म्हणायचं अ‍ॅलिटरेटिव्ह व्हर्स. एवढं पाठ केलं तर सूनबाईंना दोन मार्क सहज."

"आणि ते फॅब्लियो? ते म्हणताना ती हसत होती, म्हणून विचारते."

"ती हसणारच. त्यासाठी कँटरबरीच्या वाटेला लागलं पाहिजे. १३८७च्या सुमाराला चॉसरनं 'द कँटरबरी टेल्स' लिहायला घेतलं. लंडनच्या नदीपलीकडे सदर्क भागात टॅबर्ड नावाची खानावळ. तिथे कँटरबरीच्या यात्रेला निघालेले तीसएक लोक मुक्कामाला. सरदार, मठातली मोठी बाई, वैद्य, व्यापारी, स्वयंपाकी, पाच नवऱ्यांची बाथकडची बाई..."

"पाच?"

"सहाव्याच्याही तयारीत. तिच्यावर दुसऱ्या दिवशी बसू. खानावळीचा मालक हॅरी बेली म्हणतो, वाटेत सगळ्यांनी गोष्टी सांगायच्या, जाताना दोन, येताना दोन. ज्याची सरस त्याला बाकीच्यांच्या खर्चानं माझ्याकडे जेवण."

"म्हणजे गिऱ्हाईक परत त्याच्याच दारात. हुशार आहे."

"बेत मोठा होता, पण चॉसरच्या हातून २४ गोष्टी झाल्या, त्यातल्याही काही अर्धवट. एका गोष्टीच्या पोटात अशा अनेक गोष्टी, याला फ्रेम नॅरेटिव्ह म्हणतात. यातली सोय लक्षात आली का? चॉसर म्हणतो, मी आपला यात्रेत सोबत चाललोय. जे ज्यानं सांगितलं तेच लिहितोय. शब्द बदलला तर खोटं होईल ना!"

"'मी नाही म्हणत, लोक म्हणतात.'"

"तेच. पहिली गोष्ट सरदाराची. पॅलामन आणि आर्साइट हे दोन राजकुळातले मावसभाऊ कैदेत आहेत. तुरुंगाच्या खिडकीतून दोघांना बागेत एमिली दिसते आणि दोघंही घायाळ. मग वर्षानुवर्षं उसासे, रानात द्वंद्व, देवांना साकडी, भल्या मोठ्या रिंगणात लढाई. याला रोमान्स म्हणायचं. त्यात वीरश्री आणि खानदानी प्रेम. सगळे वाहवा करतात. आता मठवासी साधूची पाळी, तेवढ्यात झिंगलेला गिरणीवाला मध्ये घुसतो. म्हणतो, सरदाराला तोडीस तोड गोष्ट मीच सांगणार, नाहीतर चाललो मी."

"यात्रेत असला एक तरी असतोच."

"त्याची गोष्टही दोन पुरुष आणि एका बाईचीच. फक्त घर ऑक्सफर्डच्या सुताराचं. म्हाताऱ्या सुताराची अठरा वर्षांची बायको, अ‍ॅलिसन. घरात भाडेकरू निकोलस, विद्यार्थी, ज्योतिष जाणणारा. आणि चर्चमधला एक नटवा कारकून अ‍ॅब्सलन, रात्री खिडकीखाली गाणी म्हणणारा. राजवाड्यात जे घडलं की रोमान्स, तेच सुताराच्या माळ्यावर घडलं की फॅब्लियो. चावट, हसवणारी, चटकन उलगडणारी गोष्ट. प्रकार मूळचा फ्रेंच."

"पुढे?"

"निकोलस सुताराला सांगतो, ताऱ्यांत दिसलंय, येत्या सोमवारी रात्री नोहाच्या वेळेपेक्षा मोठा प्रलय येणार. वाचायचं असेल तर आढ्याला तीन काथवटी टांगा, एकेकानं एकेकीत झोपायचं. नवरा-बायकोच्या काथवटी लांब लांब असाव्यात बरं का, पापाचा विचारसुद्धा नको."

"मेला!"

"सुतार बिचारा काथवटी, खाणंपिणं, शिड्या सगळं चढवून वर जातो आणि दमून घोरायला लागतो. बाकीची दोघं खाली उतरतात. अंधारातच अ‍ॅब्सलन खिडकीशी मुका मागायला येतो..."

"थांबलात का?"

"पुढचं सूनबाईंना विचारा. एवढंच सांगते, अ‍ॅब्सलनची फजिती होते, तो लोहाराकडून नांगराचं तापलेलं पातं घेऊन परत येतो, आणि निकोलस नको त्या जागी भाजतो. तो ओरडतो, पाणी, पाणी! वर सुताराला वाटतं, आला प्रलय. तो दोर कापतो आणि धाडकन जमिनीवर. हात मोडला. गलका ऐकून शेजारीपाजारी धावून येतात."

"आले ना वेळेला!"

"आले, वर टांगलेल्या काथवटी बघितल्या आणि पोट धरून हसले. निकोलस आणि अ‍ॅलिसन म्हणाले, याला वेड लागलंय. सुतार शपथा घेऊन खरं सांगतोय, पण ऐकतो कोण? गावात त्याचं नाव वेडा म्हणून पक्कं झालं. वहिनी, या गोष्टीत निवाडा देव करत नाही, राजा करत नाही. शेजारी करतात, आणि तोही चुकीचा."

"हं... पण सुतार इतका भोळा कसा? प्रलयावर कुणी विश्वास ठेवतं?"

"ते फार मजेचं आहे. निकोलस त्याला विचारतो, बायकोला नावेत चढवताना नोहाला किती त्रास झाला, ते ऐकलंयस ना? आता बायबलात नोहाच्या बायकोचं भांडण कुठेच नाही. सुतारानं ते रस्त्यावरच्या नाटकात पाहिलेलं असणार."

"रस्त्यावर नाटक?"

"मिस्टरी प्ले. कॉर्पस क्रिस्टीचा सण उन्हाळ्याच्या तोंडावर येतो. यॉर्कसारख्या शहरात त्या दिवशी पहाटेपासून चाकांवरचे मंच गल्लोगल्ली फिरायचे. एकेका धंद्याच्या संघाकडे बायबलातला एकेक प्रसंग. यॉर्कला नोहाची नाव बांधायचा प्रसंग जहाज बांधणाऱ्यांकडे, येशूचं शेवटचं जेवण बेकरांकडे, क्रुसावर खिळे ठोकायचा प्रसंग खिळे आणि टाचण्या करणाऱ्यांकडे."

"आपापल्या मालाची जाहिरातही झाली."

"आणि चेस्टरला प्रलयाचं नाटक पाणक्यांच्या संघाकडे. तिथली नोहाची बायको ठाम सांगते, माझ्या मैत्रिणी बुडणार असतील तर मी नाही येत. त्यांना घ्या, नाहीतर तुम्ही दुसरी बायको बघा. पाणी चढतंय आणि या सगळ्या मिळून वाईन पिताहेत. शेवटी मुलं तिला उचलून नावेत घालतात. नोहा म्हणतो, ये गं. ती त्याच्या थोबाडीत देते."

"बरी दिली. आणि त्या मैत्रिणी?"

"बुडाल्या."

"वाईट झालं हो. आपण तरी काय केलं असतं?... बरं, त्या गिरणीवाल्याला कुणी काही बोललं नाही?"

"बोललं तर! यात्रेत ऑसवल्ड नावाचा एक रीव्ह होता, म्हणजे जमीनदाराचा कारभारी. तो मूळचा सुतार. त्याला वाटलं, ही आपल्यावरच. लगेच त्यानं केंब्रिजजवळच्या चोरट्या गिरणीवाल्याची गोष्ट सांगितली. त्यात गिरणीवाल्याची सगळ्या घरादारासकट नाचक्की. पुढे यात्रेतच एक भिक्षेकरी साधू आणि समन्स बजावणारा यांचंही असंच जुंपलं. गोष्टी कसल्या, उखाळ्यापाखाळ्या."

"एक्झेम्प्लम राहिलं."

"प्रवचनात तात्पर्य पटवायला सांगतात तो दाखला. तो सांगतो पार्डनर, पापक्षमेची पत्रं विकणारा. त्याच्या काचेच्या डबीतली हाडं संतांची नव्हेत, डुकराची, हे चॉसरनं आधीच सांगून ठेवलंय. आणि तो स्वतःच कबूल करतो, मी लोभाविरुद्ध बोलतो ते पैसे मिळतात म्हणून. आणि मग गोष्ट सांगतो. तिघा दारुड्यांना झाडाखाली सोन्याच्या मोहरा सापडतात. एकाला जेवण आणायला गावात पाठवतात. मागे दोघं ठरवतात, आला की मारायचा. तो ठरवतो, दोघांच्या वाईनमध्ये विष घालायचं. तो मरतो, मग तीच वाईन पिऊन हे दोघं मरतात."

"थांबा, थांबा. ही मी ऐकलीय! दोन चोर, एकजण भात आणायला जातो..."

"ऐकली असणार. पाली जातकातली वेदब्भ जातक, तीच ही. विषाच्या वाईनऐवजी विषाचा भात. चॉसरच्या कितीतरी शतकं आधीची. तोंडातोंडी कुठल्या वाटेनं गेली ते तिचं तिलाच माहीत."

"बघा, चांगली बातमी कुठवर जाते ते. पण बाई, त्यांच्या धर्माला चालायचं का हे सगळं?"

"कुठलं चालायला! तेराव्या शतकात चर्चला लागून एका खोलीत स्वतःला जन्मभर कोंडून घेणाऱ्या व्रतस्थ बायकांसाठी 'अँक्रीन विसे' म्हणून एक मार्गदर्शक ग्रंथ लिहिला गेला. त्यात तक्रार काय, तर गिरणी, बाजार आणि लोहाराच्या भट्टीइतक्याच बातम्या या कोंडलेल्या बायकांच्या खिडकीतून बाहेर पडतात. गाय पाळायची नाही. ती कुणाच्या शेतात शिरली तर गावच्या राखणदाराशी गोड बोलावं लागेल. फक्त मांजर चालेल."

"मांजर कुणाला सांगत नाही म्हणून."

"चॉसरलाही ही टोचणी लागली असावी. गिरणीवाल्याच्या गोष्टीआधीच त्यानं बजावलंय, ज्याला ऐकवत नसेल त्यानं पान उलटावं आणि दुसरी गोष्ट निवडावी."

"म्हणजे सगळ्यांनी तीच आधी वाचली."

"आणि पुस्तकाच्या अगदी शेवटी देवाची क्षमा मागितलीय, या असल्या लिखाणाबद्दल. याला रिट्रॅक्शन म्हणतात. पण क्षमा मागताना आपल्या पुस्तकांची नावं एकेक करून दिलीत. हे माझं पाप, हेही माझंच, आणि कँटरबरीच्या गोष्टींतल्या ज्या पापाकडे नेतात त्याही माझ्याच."

"'तुला म्हणून सांगते, कुणाला बोलू नकोस', त्यातलाच प्रकार. त्यामुळे तर कुठलं काय त्यानं लिहिलं ते सगळ्यांना कळलं!"

"अभ्यासकही यादी म्हणून तिचा उपयोग करतात. तुम्ही पास झालात वहिनी."

"मग हे सगळं सूनबाईला सांगते आजच."

"सांगा की. फक्त ती गिरणीवाल्याची गोष्ट माझ्या नावावर नको हं. तिचे सर माझे विद्यार्थी आहेत."

"छे हो, तुमचं नाव कशाला? म्हणेन, दुपारी जरा डोळा लागला होता."