नव्व्याण्णव डॉलरचा नेमबाज

शनिवारी सकाळी साडेसातला फोन. आमचा मित्र. शिकागोच्या पश्चिमेला, आमच्यापासून तीन एक्झिट पुढं राहतो.

"अरे, झोपलायस काय? क्लास मिळाला. नव्व्याण्णव डॉलर. दोन दिवस, दुपारचं जेवण धरून!"

मला वाटलं, मुलाच्या एसएटीचा असेल. निघाला पिस्तुलाचा.

आंब्याच्या पेटीवरचे दोन डॉलर उतरवण्यासाठी किराणा दुकानाच्या मालकाला वीस मिनिटं उभं करणारा हा माणूस. गेल्या महिन्यात रात्री तीनच्या सुमारास कुणीतरी त्याच्या गाडीखालचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर कापून नेला. तेव्हापासून घरात क्षात्रतेज संचारलंय. कन्व्हर्टर गेला तेव्हा हा वरच्या मजल्यावर घोरत होता. उशाशी पिस्तूल असतं तर तेही घोरलं असतं, असं मी म्हणालो नाही. वहिनी म्हणाल्या.

आता थोडं कायद्याचं. अंगावर लपवून पिस्तूल बाळगायला परवानगी देणारं इलिनॉय हे अमेरिकेतलं शेवटचं राज्य. 2012च्या डिसेंबरात फेडरल अपील कोर्टानं कान पिळला आणि 2013च्या जुलैत गव्हर्नरांचा नकार बाजूला सारून विधिमंडळानं कायदा केला. त्यात 16 तासांचं प्रशिक्षण सक्तीचं आहे. याच राज्यात अठराच्या आतल्या पोराला गाडीचं लायसन हवं असेल, तर मोठ्या माणसाला शेजारी बसवून 50 तास गाडी चालवावी लागते. दुसऱ्याच्या हनुवटीवर वस्तरा फिरवायचा असेल, तर न्हाव्याच्या शाळेत 1500 तास. पिस्तुलाला सोळा. आणि हे सोळा देशात कडक समजले जातात! एकोणतीस राज्यांत तर बाळगायला परवानाच लागत नाही. टेक्सासनं ती कटकट 2021च्या सप्टेंबरात संपवली. वहिनींचा भाऊ डॅलसला असतो. तो फोनवर हसला, "दाजी, सोळा तास? तुम्ही पीएचडी करताय की काय?"

(एच-वन-बीवर असलेल्या मंडळींनी इथंच थांबावं. फेडरल कायद्यानं तुम्हाला बंदूक बाळगता येत नाही, रेंजवर भाड्यानं घेऊनसुद्धा नाही. शिकारीचं लायसन काढलं तर मात्र चालतं. हरणाची कृपा.)

तर क्लास. मित्रानं घासाघीस केली नाही असं होणार नाही. यादी केली, एक्सेलमध्ये. एका रकान्यात डॉलर, दुसऱ्यात अंतर, तिसऱ्यात "जेवण आहे का". गोळ्या किती झाडायला मिळणार, हा रकानाच नव्हता. एकानं त्याला यूटाचा परवानाही गळ्यात मारायचा प्रयत्न केला. तो अनेक राज्यांत चालतो, आणि त्यासाठी एकही गोळी झाडावी लागत नाही. मित्राला हे फारच आवडलं. पोहण्याचं सर्टिफिकेट, तेही टॉवेल न भिजवता. पण तो परवाना घरच्या इलिनॉयमध्येच चालत नाही, हे कळल्यावर नाद सोडला.

नव्व्याण्णववाला क्लास एका हॉटेलच्या मागच्या हॉलमध्ये भरला. अडतीस विद्यार्थी, दोन मास्तर, एक प्रोजेक्टर. पहिले दोन तास मास्तरांचं आत्मचरित्र. मग एक तास विमा: पिस्तूल वापरावं लागलं तर वकिलाचा खर्च कोण करणार, फॉर्म मागच्या टेबलावर. मग पट्टे आणि म्यान, तेही मागच्या टेबलावर. जेवण म्हणजे पिझ्झाचे दोन तुकडे. हे सगळं त्यानं मला संध्याकाळी सांगितलं, आणि पिझ्झाबद्दल तक्रार केली.

"आणि चार नियम?" मी विचारलं. माझं शस्त्रज्ञान एनसीसीपुरतं आहे. पॉइंट टू टू रायफलनं पालथं पडून झाडलेल्या पाच गोळ्या, पैकी एक शेजारच्याच्या कागदावर. पण जेफ कूपरचे चार नियम वाचून ठाऊक होते. हा निवृत्त मरीन अधिकारी, 1976 साली यानं अॅरिझोनात पिस्तुलाची शाळा काढली. प्रत्येक बंदूक भरलेलीच समजा. जे नष्ट करायचं नाही त्याच्याकडे नळी वळवू नका. नेम लागेपर्यंत चापावर बोट नको. आणि निशाणा ओळखा, त्याच्या मागं काय आहे तेही ओळखा.

"हो, होती ती स्लाइड. जेवणाच्या आधी घाईत गेली."

रविवारी रेंजवर मलाही नेलं, काचेमागं बसायला. पाच गल्ल्या, अडतीस माणसं, म्हणजे बहुतेक वेळ रांगच. इथं खरा हिशोब सुरू झाला. रेंजची फी 25. पिस्तुलाचं भाडं 15. गोळ्या त्यांच्याकडूनच घ्यायच्या, पन्नासची पेटी 18. चष्मा आणि कानांवरचे मफ 5. नव्व्याण्णवचे एकशे बासष्ट झाले. बोटांच्या ठशांचे 60 वेगळे. ते ऐच्छिक असतात, पण दिले नाहीत तर अर्जाची मुदत नव्वदवरून एकशे वीस दिवसांवर जाते. राज्याची फी 150 आहेच. मित्राचा चेहरा आंब्याची पेटी नासल्यासारखा झाला.

त्याच्या एक्सेलमधल्या सातव्या ओळीत 225चा एक क्लास होता. सहाच विद्यार्थी, पिस्तूल, रेंज आणि दोनशे गोळ्या धरून. महाग म्हणून लाल रंगवलेला. फरक 63 डॉलरचा.

मग त्याची पाळी आली. नाइन एमएमच्या पहिल्याच बारला तो दचकला. दुसऱ्याला बार व्हायच्या आधीच दचकला, आणि नळी खाली झुकली. याला दोष देण्यात अर्थ नाही, नवशिक्यांचं असंच होतं. मास्तर शेजारी असेल तर मॅगझिनमध्ये गुपचूप एक खोटं काडतूस मिसळतो, म्हणजे बार होत नाही पण हात कसा झुकतो ते तुमचं तुम्हालाच दिसतं. पण मास्तर तिसऱ्या गल्लीत एका आजोबांचं अडकलेलं पिस्तूल सोडवत होते. इतक्यात शेजारच्या गल्लीतली तापलेली पितळी पुंगळी मधली फळी ओलांडून आली आणि थेट याच्या कॉलरमध्ये. हा "आई गं" म्हणून गर्रकन वळला. पिस्तूल हातात, बोट चापावर.

दुसऱ्या मास्तरांनी झडप घालून त्याचं मनगट धरलं आणि नळी परत कागदाकडे वळवली. ते एक शब्द बोलले नाहीत. काच बुलेटप्रूफ आहे असं मी आत शिरताना वाचलं होतं. ते मी पुन्हा एकदा वाचलं.

क्लास निवडताना विचारायचं ते हेच. जेवण आहे का, हे नव्हे. किती गोळ्या झाडायला मिळतील? एका मास्तरामागं झाडणारे किती? पहिल्यांदा हातात घेणाऱ्याला आधी पॉइंट टू टू देता का? पिस्तूल कधी काढायचं नाही, यावर किती वेळ बोलता? या शेवटच्या प्रश्नाला जो मास्तर हसतो, त्याच्याकडे फुकटही जाऊ नये. तासाभराच्या अंतरावर असला तरी चांगल्याकडे जावं. आणि पैसेच वाचवायचे असतील तर म्यानावर वाचवू नये, मास्तरांच्या आत्मचरित्रावर वाचवावेत.

आता हे शस्त्र घेऊन मित्र जाणार कुठं? लोकल ट्रेन आणि बस, मनाई. वाचनालय, दवाखाना, सार्वजनिक बाग, मनाई. ज्या हॉटेलची निम्म्याहून जास्त कमाई दारूची, तिथंही. मंडळाचा गणपती असतो शाळेच्या सभागृहात, आणि शाळेच्या आवारात तर नाहीच नाही. ज्याच्या दारावर चार बाय सहा इंचांची पाटी आहे, लाल वर्तुळात काट मारलेलं काळं पिस्तूल, तिथंही नाही. उरलं भारतीय किराणा दुकान. दोन डॉलरच्या घासाघिशीला आता पाठबळ मिळेल. मालकाला मी सांगून ठेवलंय, पाटी लाव.

परीक्षा झाली. पाच, सात आणि दहा यार्डांवरून दहा-दहा, एकूण तीस गोळ्या. पास व्हायला एकवीस लागतात. कागद म्हणजे माणसाची काळी आकृती, चांगली धिप्पाड. मित्राच्या तेवीस लागल्या. सर्टिफिकेट मिळालं, फोटो झाला, ग्रुपवर पडला, अंगठे आले. कागद त्यानं गुंडाळून घरी आणला आणि बैठकीच्या खोलीत, सोफ्याच्या वरच्या भिंतीवर, टाचण्यांनी लावला.

मी समोरच्या भिंतीला टेकून उभा राहिलो आणि पावलं मोजली. बरोबर पाच यार्ड. उरलेल्या सात गोळ्यांचं मी काही विचारलं नाही. इथल्या घरांच्या आतल्या भिंती जिप्समच्या पातळ तक्त्यांच्या असतात, नाइन एमएमची गोळी त्यातून आरपार जाते. सोफ्याच्या मागच्या भिंतीपलीकडे त्याच्या मुलीची खोली आहे.