भाच्याने कच्चा मासा खाल्ला त्याची गोष्ट

अगं वहिनी, जरा गडग्याशी ये बघू. राहू दे ते बांगडे, मांजराने नेला तर एखादा नेईल. आमच्या ताईचा धाकटा जपानात असतो ना, ओसाकाला? त्याच्या पोटातून जिवंत किडा काढला!

तुझी शपथ. व्हिडिओ कॉलवर स्वतः सांगितलं त्याने, आणि वर हसतोय मेला. ऑफिसातल्या लोकांबरोबर जेवायला गेला होता. तिकडे ‘शिमे साबा’ नावाचा प्रकार मिळतो. साबा म्हणजे आपल्या बांगड्याच्याच कुळातला मासा. त्याला मीठ चोळतात, व्हिनेगरात मुरवतात आणि तसाच कापून पुढ्यात ठेवतात. चूल नाही, तवा नाही. ह्याला वाटलं, आंबटात मुरलाय म्हणजे शिजल्यातच जमा. मध्यरात्री पोटात अशी कळ आली म्हणे, की सरळ उभं राहवेना.

डॉक्टरने पहिला प्रश्न काय विचारला असेल? रात्री कोणता मासा खाल्लास! तिकडच्या डॉक्टरांना हे दुखणं पाठ आहे. घशातून नळी घातली, टोकाला कॅमेरा. पडद्यावर ह्यालाच दाखवलं. पांढरा, दोऱ्याएवढा बारीक, दोन-तीन सेंटिमीटर लांब. तोंड पोटाच्या अस्तरात खुपसलेलं आणि बाकीचं अंग वळवळतंय. त्याच नळीतून बारीक चिमटा सोडला, धरला आणि ओढला. किडा बाहेर, कळ गायब. ॲनिसाकिस म्हणतात त्याला.

जंताची गोळी? नाही गं, शाळेत वाटतात ती गोळी इथे भरवशाची नाही. तसा तो आपणहून मरतो काही दिवसांत, पण तोवर कळा कोण सोसणार? मुळात माणसाचं पोट त्याचं बिऱ्हाडच नव्हे. तो राहतो देवमाशाच्या आणि डॉल्फिनच्या पोटात. अंडी त्यांच्या विष्ठेतून समुद्रात जातात, त्यातून निघालेल्या अळ्यांना कोळंबीसारखे बारके जीव गिळतात, त्यांना साबा नाहीतर माकूल खातो, आणि माशाला पुन्हा देवमासा. मध्येच आपण तोंड घालतो.

मासा ताजा होता की नाही, हे मीही विचारलं. पण ताज्या माशात किडाही ठणठणीतच असणार ना! मासा जिवंत असताना हे बहुतेक त्याच्या आतड्याभोवती वेटोळं करून असतात. मासा मेला आणि तसाच पडून राहिला, की काही मांसात शिरतात. म्हणून पोट लगेच साफ करायचं. कधीमधी आपल्याही विळीवर माशाच्या पोटात पांढरी गुंडाळी दिसते. तू हळूच नळाखाली धुऊन टाकतेस, मी पाहिलंय. खुशाल टाक. सार खदखदा उकळलं, तुकडी दोन्ही बाजूंनी आतपर्यंत भाजली, की कोणी जिवंत राहत नाही. ७० अंशांवर लगेच मरतात, ६० अंशांना मिनिटभर लागतं. काही जणांना मेलेल्या किड्याचीही ॲलर्जी येते, पण ते विरळा.

आणि बर्फ. उणे २० अंशांवर २४ तास मासा आतपर्यंत गोठवायचा, असं जपानचं सरकार सांगतं. तुझ्या फ्रिजमधल्या बर्फाच्या कप्प्याचं काम नाही ते. हॉलंडच्या लोकांनी तर कायदाच केला. ते हेरिंग मासा शेपटीला धरून, मान वर करून कच्चाच तोंडात सोडतात, सोबत कांदा. १९६० साली फान थील नावाच्या त्यांच्या शास्त्रज्ञाने दाखवून दिलं, की लोकांची पोटं दुखतात ती ह्या किड्यामुळे. १९६८ पासून हेरिंग आधी गोठवणं सक्तीचं झालं आणि दुखणं जवळजवळ नाहीसं झालं. खाणं कोणी सोडलं नाही.

पण ओसाकाचा किडा एका परीने सज्जनच. आल्या रात्री बोंब मारतो. भाच्याच्या खोलीवर एक थाई मुलगा आहे, खोन केनकडचा. तिकडे नदी-तळ्यातले बारके मासे कच्चेच बारीक चिरतात. वर लिंबू, मिरची, भाजलेल्या तांदळाची पूड. कोई प्ला म्हणतात. लिंबाने मांस पांढरं पडतं, म्हणून शिजल्यासारखं दिसतं. दिसतंच फक्त! त्यातला जंत पानासारखा चपटा. तो यकृतातल्या पित्ताच्या नळ्यांत जाऊन बसतो, तोही वर्षानुवर्षं, आणि बऱ्याच जणांना काही कळतही नाही. पुढे त्याच नळ्यांचा कॅन्सर होतो काहींना. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने १९९४ मध्ये ह्या जंताला कॅन्सर करणाऱ्यांच्या पहिल्या गटात घातलंय. ह्याच्यावर गोळी आहे, चांगली लागूही पडते. पण गोळी घ्यायची आणि पुढच्या जेवणाला पुन्हा कोई प्ला! म्हातारी माणसं ऐकतच नाहीत म्हणे, शिजवलं की चव गेली म्हणतात. आपल्याकडे बीपीवाला खारं सोडतो का? तसंच ते.

आता तुला का हाक मारली ते सांगते. तुझी सून पुण्यात सुशीचे फोटो टाकते, ते बघते मी. ओरडू नकोस तिला, आजकालच्या मुलींना ओरडलं की त्या मुद्दाम दुप्पट खातात. एवढंच सांग, की हॉटेलवाल्याला विचार, मासा नीट गोठवलेला होता का. चांगला हॉटेलवाला सरळ उत्तर देतो. तिखट वसाबीने आणि सोया सॉसने किडा मरत नाही, हेही घाल कानावर. आणि हॉटेलवाला आढेवेढे घ्यायला लागला, तर काकडीची सुशी मागव म्हणावं. तीही मिळते.