हीटर काढण्याआधी वाचावे

(इंद्रायणीनगर, लांडेवाडी, दिघी रोड, आळंदी रोड येथील रहिवाशांसाठी आणि भोसरीच्या पुलाखाली अडकल्यामुळे वाचायला वेळ मिळालेल्या सर्वांसाठी)

घरात फिशटँक आहे. त्यात हीटर आहे, तो २६ अंशांवर लावलेला आहे आणि महावितरणचं बिल आलं की घरातल्या सगळ्यांची नजर त्याच्या लाल दिव्याकडे वळते. मग कुणीतरी म्हणतं, "गोल्डफिशला म्हणे हीटर लागत नाही. तेच आणू." अशा रीतीने ज्यांच्या गळ्यात हा प्रकल्प पडला आहे, त्यांच्यासाठी ही मार्गदर्शिका.

पहिलं काम म्हणजे थर्मामीटर आणा आणि एप्रिलच्या दुपारी तीन वाजता टँकमध्ये बुडवा. वरच्या मजल्यावर स्लॅबखाली ३० किंवा ३१ अंश दिसतील. पत्र्याची खोली असेल तर आकडा वाचून झाल्यावर थोडं बसा. याचा अर्थ तुमचा हीटर मार्चपासून हजेरी लावून झोपलेला आहे. तो खरी रात्रपाळी करतो ती डिसेंबर-जानेवारीत, बाहेर पारा ११-१२ अंशांवर येतो तेव्हा. गोल्डफिशला मानवतं ते १८ ते २३ अंशांचं पाणी. भोसरीत ते हिवाळ्यात फुकट मिळतं आणि उन्हाळ्यात पैसे देऊनही मिळत नाही. गरम टँक थंड करण्याचं जे काम तुम्ही अंगावर घेताय, ते इथली हवा दर वर्षी करते आणि होळीनंतर स्वतःच मोडून टाकते. बाकीची कामं मात्र तुमच्याकडे.

हीटर काढण्याची पद्धत: आधी बटण बंद. मग प्लग बाहेर. मग पंधरा-वीस मिनिटं दुसरं काहीतरी. तापलेली काचेची नळी एकदम हवेत आली की तडकते, आणि प्लग लावलेला असताना पाण्यात हात घालणाऱ्याला पुढच्या पायऱ्या वाचाव्या लागत नाहीत. काम हिवाळ्यात करत असाल तर रोज एक अंश या बेताने हीटरचा काटा खाली आणा. पाणी एका रात्रीत गार पडलं की माशांच्या अंगावर मीठ भुरभुरल्यासारखे पांढरे ठिपके येतात. तो इक नावाचा परजीवी. ऑक्टोबरात काढलात तर हीटर तसाही बंदच असतो. श्रेय मात्र तुम्ही घ्या.

आता बचतीचा हिशोब, कारण प्रकल्प मंजूर झाला तो त्यावरच. १०० वॉटचा हीटर थंडीत रात्रीचे आठ तास चालला धरा. महिन्याला २४ युनिट, तीन महिन्यांचे ७२. तो काढलात. उन्हाळ्यात गोल्डफिश धापा टाकू लागला म्हणून टँकवर ५० वॉटचा टेबलफॅन रोज बारा तास लावलात. महिन्याला १८ युनिट, मार्च ते जून ७२. हा कागद घरात कुणाला दाखवू नये.

पंखा चालतो मात्र नक्की. त्यामागचं तत्त्व माठाचंच. एक लिटर पाणी उडून जाताना इतकी उष्णता नेतं, की दोन फुटी टँकमधलं ५५ लिटर पाणी दहा अंशांनी उतरावं. खोली ती उष्णता लगेच परत देते, म्हणून प्रत्यक्षात दोन-तीन अंशच हाती लागतात. पाऊस सुरू झाला, हवा ओलसर झाली, की तेवढेही नाहीत. बर्फाच्या बाटलीचा उपाय शेजारचे काका सुचवतील. अर्ध्या लिटरची गोठवलेली बाटली ५५ लिटर पाणी जेमतेम एक अंश उतरवते आणि मालिकेचा एक भाग संपेपर्यंत ते पाणी पूर्ववत होतं. मासा त्या चढउतारानेच दमतो. कारखान्यात व्हीएमसी मशीनवर काम करणारा एखादा मित्र स्पिंडलचा जुना चिलर जोडून देतो म्हणेल. तो खरंच जोडून देऊ शकतो, धोका तोच आहे.

ऑक्सिजनची मोटर रात्री बंद करू नका, आवाजाने झोप येत नसली तरी. २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९.१ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशांना साडेसात. गरम पाण्यात माशाचा श्वास वाढतो आणि त्याच पाण्यात हवा कमी असते. गुरुवारी विशेष लक्ष. एमआयडीसीची सुट्टी गुरुवारी, महावितरणची देखभालही गुरुवारी, त्यामुळे मासा आणि मालक एकाच दिवशी घामाघूम होऊन एकमेकांकडे बघत बसतात. बॅटरीवर चालणारी छोटी मोटर घेऊन ठेवा.

यानंतर टँकचा आकार. इथे बहुतेक प्रकल्प बुडतात. दुकानात गोल्डफिश बोटाएवढा असतो. एकेरी शेपटीचा साधा गोल्डफिश नीट जगला तर फूटभर होतो, गोल पोटाचे फॅन्सी प्रकारही मुठीएवढे होतात. ढोबळ हिशोब असा: पहिल्या फॅन्सी गोल्डफिशला ७५ लिटर, पुढच्या प्रत्येकाला आणखी ४०. तुमच्या दोन फुटी टँकमध्ये, जिथे काल वीस निऑन टेट्रा फिरत होते, एकही नियमात बसत नाही. वास्तूवाल्याने सांगितल्याप्रमाणे आठ सोनेरी आणि एक काळा हवा असेल तर ३९५ लिटर पाणी, म्हणजे काच आणि खडे सोडून चार क्विंटल. सोसायटीत विचारून घ्या. शिवाय काळा मूर मोठा होताना बऱ्याचदा तांबूस पडतो, गरम पाण्यात तर अधिकच. नऊचे नऊ सोनेरी झाले तर वास्तूवर त्याचा काय परिणाम होतो, हे त्या गृहस्थांनाच विचारा.

मोठा टँक घ्यायचंच ठरलं तर स्टँडच्या बाबतीत मात्र तुमच्याइतकं नशीबवान कुणी नाही. लोखंडी अँगलचा स्टँड वेल्डिंग करून मिळायला भोसरीत दोन गल्ल्यांपलीकडे जावं लागत नाही. फक्त फिटर ओळखीचा असेल तर त्याला काम समजावून सांगा. नाहीतर तो मशीन लेव्हल करायची ०.०२ मिमीची लेव्हल घेऊन येईल, चार पायांखाली शिम घालील, संध्याकाळ होईल, आणि मग तुम्ही त्यावर अर्धा इंची थर्माकोल टाकाल. थर्माकोल टाकायचाच असतो. पण त्याच्यासमोर नको.

पाणी. नोव्हेंबर २०१९ मध्ये महापालिकेने दिवसाआड पाणी सुरू केलं तेव्हा शहर चिडलं. माशांचा त्यात फायदा झाला, कारण दिवसभर उघडं ठेवलेल्या पाण्यातला क्लोरीन उडून जातो आणि आपल्याकडे पाणी ठेवलेलंच असतं. कशात ठेवलंय ते मात्र बघा. एमआयडीसीतून स्वस्तात येणाऱ्या निळ्या ड्रममध्ये आधी कूलंट होतं की आणखी काही, हे विकणाऱ्यालाही माहीत नसतं. तीनदा धुतला म्हणून मासा विश्वास ठेवत नाही. दर आठवड्याला पाव टँक पाणी बदला. गोल्डफिश खातो पुष्कळ आणि घाण त्याहून जास्त करतो. काढलेलं पाणी तुळशीला घाला, ती खूश होते.

ही घाण म्हणजे अमोनिया. तो विषारी. फिल्टरच्या स्पंजात राहणारे जीवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग बऱ्याच सौम्य अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. जुन्या टँकमधली खरी मालमत्ता हीच, म्हणून सगळं बदललंत तरी स्पंज तोच ठेवा. तो टँकमधून काढलेल्या पाण्यातच पिळा, नळाखाली नाही. भोसरीत माशांचा सर्वांत धोकादायक काळ मे महिना नसून दिवाळीची साफसफाई असते. त्या आठवड्यात फिल्टर भांड्याच्या साबणाने घासून, उन्हात वाळवून, चकाचक करून परत लावला जातो. भाऊबीजेपर्यंत टँकही रिकामा झालेला असतो. वहिनींना आधीच सांगून ठेवा. आजींना सांगून उपयोग नसतो, स्पंज लपवा.

निळेगुलाबी खडे काढा. गोल्डफिश खडा तोंडात घेऊन चघळतो आणि एखादा अडकतो. झाडं लावलीत तर ती त्याचा नाश्ता. इंद्रायणीवर जलपर्णी फुकट आहे, मुळंही तो आवडीने कुरतडतो, पण जी काढायला महापालिका दर वर्षी निविदा काढते ती पिशवीतून घरी आणू नये, आणि तिच्याबरोबर येणारं पाणी तर नकोच.

खाणं दोन मिनिटांत संपेल एवढंच. गोल्डफिशला जठर नसतं, त्यामुळे पोट भरल्याची खूण तुम्हाला दिसायची नाही. पाहुणे आले की तो काचेला तोंड लावून उपाशी असल्याचा अभिनय करतो. मामांच्या हातातली शेव वेळीच काढून घ्या. थंडीत मटार स्वस्त होतो तेव्हा एखादा दाणा उकडून, साल काढून द्या.

राहिले जुने भाडेकरू. गप्पी, मॉली बिनहीटरचे जगतील, पण गोल्डफिशबरोबर नको. त्याच्या तोंडात मावणारं सगळं त्याचं खाद्य असतं. टायगर बार्ब उलट त्याची शेपटी तोडतो. एंजल, डिस्कस, निऑन हीटर असलेल्या घरी द्या. आणि तो सकर, जो काच साफ करील म्हणून पाच सेंटीमीटरचा घेतला होता आणि आता हातभर झालाय, त्याचं काय करायचं हा प्रश्न भोसरीत बहुधा रविवारी संध्याकाळी बादली आणि स्कूटर घेऊन सोडवला जातो. मोशीच्या पुलावरून इंद्रायणीत सोडला की पुण्य लागतं अशी समजूत आहे. इंद्रायणी तुळापूरला भीमेला मिळते, भीमा उजनीला जाते, आणि उजनीतले मच्छीमार आधीच सकरच्या काट्यांनी फाटलेली जाळी शिवत बसले आहेत. भोसरीच्या तळ्यातही नको. फिशवाल्याकडे परत न्या. तो नाही म्हणेल. दुसऱ्याकडे न्या. तोही नाही म्हणेल, त्याच्याकडेही तीन पडून आहेत. तेव्हा मोठा टँक असलेला एखादा चुलतभाऊ आठवा, त्याच्या घरी जेवायला जा, आणि जेवण झाल्यावर बादलीचा विषय काढा.