मेलेल्या अण्णांचा सातबारा

भुताची मालिका बघणारी माणसं भुताबद्दल किती कमी बोलतात, हे ज्याला बघायचं असेल त्यानं रोवणीच्या दिवसांत अड्याळला यावं. भंडारा-पवनी रस्त्यावरचं हे आमचं गाव. लांबचे लोक नाव ऐकलं की 'टेकडीवालं ना?' म्हणतात. ती अड्याळ टेकडी वेगळी, चंद्रपूर जिल्ह्यातली, ब्रह्मपुरी तालुक्यातली. आमची ओळख हनुमानाच्या देवळाची. गावात एवढा जागता मारुती असल्यावर भुतांची काय टाप! त्यामुळं आम्हाला भुतं बाहेरून, छपरावरच्या छत्रीतून आणावी लागली. ती आली थेट सावंतवाडीजवळच्या आकेरीहून.

'रात्रीस खेळ चाले' ही मालिका झी मराठीवर २२ फेब्रुवारी २०१६ ला सुरू झाली. कोकणातलं, याच आकेरीतलं एक जुनं घर, घरचे कर्ते अण्णा नाईक पहिल्या झटक्यातच वारलेले, धाकट्याचं लग्न तोंडावर आलेलं, आणि क्रियाकर्मासाठी जमलेली भावंडं एकमेकांच्या चपला मोजत बसलेली. रात्री साडेदहाला. आमच्याकडं ही वेळ म्हणजे अर्धी झोप झाल्याची. तरी लोक जागले, कारण जागायची सवय आमच्या झाडीपट्टीला, पूर्व विदर्भातल्या या धानाच्या मुलखाला, नवी नाही. दिवाळीनंतर मंडया, म्हणजे गावजत्रा, सुरू झाल्या की गावोगावी नाटकं लागतात, वडसा हे त्या सगळ्या कंपन्यांचं ठाणं, आणि नाटक रात्री दहाला उघडून पहाटे कोंबड्याच्या बांगेला संपतं. अख्खी रात्र मांडी घालून बसणाऱ्याला अर्ध्या तासाची मालिका म्हणजे चहा. त्यातही निम्म्या जाहिराती.

तर रोवणी. बांधीत घोटाभर चिखल, वाकलेल्या बाया, पऱ्यांच्या पेंढ्या धुऱ्यावरून फेकल्या जातायत, आणि मधल्या रांगेतून आवाज येतो : "काहून वं, मोठ्या लेकानं काल काय सांगितलं? हिस्सा पायजे म्हणे का?" मी धुऱ्यावर उभा. मला वाटलं गावातल्याच कुणाच्या वाटणीचं चाललंय, आणि असल्या गोष्टींत कान टवकारले नाहीत तर तो अड्याळचा माणूस नव्हे. मग नाव आलं, माधव. मग दत्ता. मग अभिराम. सगळे नाईक.

आदल्या रात्री त्या घरात काय काय झालं होतं! अंधारातून आवाज आले होते, कुणीतरी कुणाला दिसलं होतं आणि नंतर नव्हतं. त्यातलं अवाक्षर बांधीत निघालं नाही. चर्चा दोनच विषयांवर. एक, अण्णांनी जमीन कोणाच्या नावानं केली. आणि दोन, मुंबईची शिकलेली सून नीलिमा उभ्या उभ्या शहाणपण सांगते, नि गावची सून सरिता चुलीपुढून उठत नाही, तर या घरात जेवणं करतं कोण आणि तोंड चालवतं कोण. "तिनं एक दिवस सैपाक सोडून पाहावा ना, भूत-गीत सारं आपोआप पळते," असा एक निकाल लागला. त्यावर अपील झालं नाही, कारण तोवर पेंढ्या संपल्या होत्या.

पानठेल्यावर पुरुषांचं खंडपीठ वेगळं. तिथं मृत्युपत्र नोंदणी केलेलं असतं की साध्या कागदावरही चालतं, फेरफार कोण घेतो, लेकीचं नाव सातबाऱ्यावर चढवलं का, यावर तावातावानं भांडण. मेलेला माणूस घरात फिरतो यावर कुणाची हरकत नव्हती. हरकत होती ती त्याच्या नावावर जमीन अजून तशीच कशी, यावर. एकानं तर सुचवलं, "बुढा दिसते ना रात्री? मग त्याची सही घेऊन टाका ना बाप्पा, मोकळे व्हा." इतका व्यवहारी उपाय त्या मालिकेच्या लेखकांना सुचला नाही. सुचला असता तर मालिका आठवड्यात आटोपली असती, आणि तसं होऊ न देण्याचेच पैसे त्यांना मिळत असणार.

भीती वाटायची नाही असं नाही. मालिका संपल्यावर सांदवाडीत, म्हणजे मागच्या परसात, जायचं तर आमची मोठी आई कुणाला तरी सोबत न्यायची, आणि सोबतीला जो जायचा त्याला परतताना सोबत लागायची. पण ती भीती अंधाराची, साप-विंचवाची, जुनीच. त्यात अण्णा नाईकांनी आपली थोडी भर घातली, एवढंच.

भारनियमनाच्या काळात तर भीतीचा कारखानाच आमच्याकडं होता. २००७ ते २००९ या वर्षांत 'असंभव' चालू होती. सतीश राजवाडे दिग्दर्शक, चिन्मय मांडलेकर लेखक. पुनर्जन्म, वाडा, आणि नीलम शिर्के यांची ती सुलेखा, जिच्या नुसत्या बघण्यानं आमच्याकडच्या म्हाताऱ्या पदर तोंडाला लावायच्या. सुलेखा वळली, डोळे मोठे केले, ओठ हलवणार, आणि वीज गेली. चंद्रपूर आणि कोराडीची धुराडी आमच्या विदर्भात, राख आमच्या विदर्भात, उजेड मात्र पार तिकडं मुंबईला. अंधारात अख्खं घर स्तब्ध. मग कंदिलाच्या काड्या शोधता शोधता पुढचा प्रसंग ज्यानं त्यानं आपापल्या डोक्यात पुरा केला. सकाळी आडावर चार घरच्या चार 'असंभव' भेटायच्या. कुणाच्या घरी सुलेखानं विष दिलेलं, कुणाच्या घरी शुभ्रानं ते ओतून टाकलेलं. त्यात ती शुभ्राही मध्येच बदलली. आधी मानसी साळवी होत्या, मग उर्मिला कानेटकर आल्या. पण वीज गेली असतानाच हा बदल झाला असावा, असं धरून गावानं तो पोटात घातला. पुनर्जन्माच्या गोष्टीत एवढं चालायचंच.

याच्या आधीही भुतं येऊन गेली होती. रामसे बंधूंचा 'झी हॉरर शो' होता, सोनीवर 'आहट' होतं. ती हिंदी भुतं. ती पाहुण्यासारखी यायची, दार करकरवायची, किंचाळायची आणि निघून जायची. आठवड्याला नवं घर, नवं भूत. त्यांच्याशी कुणाचा जीव जडला नाही. जीव जडायला भूत रोजचं लागतं, आणि ते ज्या घरात फिरतं त्या घरातल्या माणसांची नावं पाठ व्हावी लागतात. रत्नाकर मतकरी, नारायण धारप या मंडळींनी मराठी वाचकाला भरपूर घाबरवलं, पण ते एकट्यानं, पुस्तकात तोंड खुपसून घाबरणं. आमचा पिंड मंडईचा. घाबरायचं ते दहा जणांत, आणि लगेच शेजारच्याला विचारायचं, "काय म्हणे ते?"

हे वेड आपल्याकडंच आहे असं नव्हे. अमेरिकेत २७ जून १९६६ ला 'डार्क शॅडोज' नावाची मालिका सुरू झाली. समुद्रकाठी भला थोरला वाडा, त्यात कॉलिन्स नावाचं मातब्बर कुटुंब, आणि आतल्या आत लपवलेलं बरंच काही. आकेरीत शोभलं असतं. उतरत्या दुपारी लागायची, आणि पोरं शाळेतून धावत घरी यायची ती हिच्यासाठी. आरंभी त्यात फारसं भूतबीत नव्हतं आणि बघणारेही बेताचेच होते. मग १९६७ च्या एप्रिलात एका भुरट्यानं दागिने मिळतील म्हणून साखळदंडानं बांधलेली शवपेटी उघडली, आणि आतून बार्नबस कॉलिन्स निघाला. पावणेदोनशे वर्षांचा रक्तपिपासू. त्याला चार दिवसांचा पाहुणा म्हणून आणलं होतं, लोकांनी त्याला हलू दिलं नाही. १२२५ भाग झाले, २ एप्रिल १९७१ ला मालिका संपली, आणि पुढं १९८३ पासून तिच्या चाहत्यांचे मेळावे भरू लागले.

मला त्यातली आवडलेली गोष्ट दुसरीच. रोज एक भाग, चित्रण जवळजवळ सलग, चूक झाली तरी पुन्हा घ्यायला ना वेळ ना पैसा. त्यामुळं भिंती हलायच्या, माइक वरून डोकावायचा, आणि बार्नबस झालेले जोनाथन फ्रिड हमखास वाक्य विसरायचे. एवढा शेकडो वर्षांचा दरारा, आणि ऐन धमकीच्या मध्यावर गडी कोरा. चाहत्यांनी हे सगळं जिवापाड जपलंय. आम्हाला हे समजावून सांगावं लागत नाही. झाडीपट्टीच्या नाटकात महाराज ऐन तलवार उपसताना अडला की मागून प्रॉम्प्टर आधी, आणि पहिल्या रांगेतली पोट्टी त्याच्याही आधी वाक्य सांगतात. शिवाय आमच्याकडं पांडू होता. प्रल्हाद कुडतरकर हे 'रात्रीस खेळ चाले'च्या लेखकांपैकी एक, आणि घरचा विसरभोळा गडी पांडूही तेच. त्याचं ते 'इसरलंय' एवढं पसरलं की गृहपाठ कुठाय म्हटल्यावर शाळेतलं पोरगं मान वाकडी करून तेच म्हणायचं. मास्तरला हसू दाबता यायचं नाही आणि छडी वाया जायची.

मालवणी सगळी कळायची असं नाही. अर्धी कळायची, अर्धी तोंडावरून. पण टीव्हीवर घरात बसून सगळेच्या सगळे पुण्याचं बोलतात, हे बघून कंटाळलेल्या आमच्या माणसांना दूरच्या कुण्या गावाची, आपल्यासारखीच आडवळणी बोली ऐकून बरं वाटलं. "असं त आपल्याही बोलीत जमते," असं एक आजोबा म्हणाले. मग काही दिवस आमच्याकडचे पोट्टे झाडीबोलीत 'रात्रीस खेळ चाले' करत होते. त्यात अण्णांना धानाच्या बोनसची चिंता होती.

गावात अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम करणारे एक गुरुजी आहेत. ते ही मालिका रोज बघायचे, 'अभ्यास म्हणून'. एकही भाग चुकवला नाही. इतका अभ्यास त्यांच्या विद्यार्थ्यांनी केला असता तर शाळेचं नाव झालं असतं. पण त्यांचा एक मुद्दा आम्ही हसण्यावारी नेला नाही. मालिकेवर तिकडं सिंधुदुर्गातूनही आक्षेप आला होता, कोकणाला बदनाम करता, अंधश्रद्धा पसरवता म्हणून. गुरुजींचा सूर तसाच. मालिकेचं तिसरं पर्व चालू असताना, २०२१ च्या ऑगस्टात, चंद्रपूर जिल्ह्यातल्या जिवती तालुक्यात वणी खुर्द इथं जादूटोण्याच्या संशयावरून म्हाताऱ्याकोताऱ्यांना खांबाला बांधून मारलं. जादूटोणाविरोधी कायदा होऊन तेव्हा आठ वर्षं होत आली होती. त्या आठवड्यात ठेल्यावर अण्णांचं नाव कुणी काढलं नाही. पडद्यावरचं भूत आणि गावातला संशय यांच्यात भिंत आहे, पण ती आमच्याकडच्या कुडाच्या भिंतीइतकीच जाड आहे, हे गुरुजींचं म्हणणं मला तरी खोडता येत नाही. दुसरीकडं, बांधीतल्या बायांना मालिका बघून मांत्रिक आठवला नव्हता, वकील आठवला होता, हेही खरंच.

भूत लोकांना का हवं असतं याचा उलगडा दुसऱ्या पर्वात झाला. २०१९ च्या जानेवारीत ते आलं, आणि त्यात गोष्ट मागं गेली. अण्णा जिवंत. माधव अभ्यंकर यांचे अण्णा म्हणजे लंपट, खुनशी, गावाला धाकात ठेवणारा माणूस. अण्णांची प्रेयसी शेवंता आली, अपूर्वा नेमळेकर. आणि जे अण्णा मेल्यावर आम्हाला घरचे वाटत होते, ते जिवंत झाल्यावर भयंकर निघाले. तरी लोक त्यांच्याच पाठीशी. "माणूस वाईट आहे, पन घर धरून आहे," हा आमच्या एका मामीचा शेरा. मामींना विचारलं, अण्णांच्या बायकोचं, माईंचं काय मग? त्या म्हणाल्या, "तिनं काय करावं? आमीनं काय केलं?" आणि भाजी निवडायला लागल्या. वालाच्या शेंगा होत्या, आमच्याकडं त्यांना पोपट म्हणतात. त्या दिवशी शेंगा जरा जास्तच जोरानं सोलल्या गेल्या.

टाळेबंदीत चित्रीकरण बंद पडलं तेव्हा गावात खरी अवकळा आली. नवे भाग नाहीत, बाहेर जाता येत नाही, आणि ठेला बंद. पुढं सगळं उघडल्यावर आमचे एक भाटवे गोव्याच्या सहलीला गेले आणि गाडीवाल्याला अडवून आकेरीला उतरले. महाराष्ट्राच्या या टोकाहून त्या टोकाला जाऊन त्यांनी नाईकांचा वाडा डोळ्यांनी पाहिला. परत आल्यावर गाव त्यांच्या ओसरीवर लोटलं. भूतबित, असं कुणी विचारलंच नाही. पहिला प्रश्न : "घर केवढं हाय?" दुसरा : "मांगं जागा किती?" भाटव्यांनी पावलांनी मोजून आणलेलं माप सांगितलं. त्यावरून तिघांत प्रत्येकी किती येईल, याचा हिशेब तिथंच झाला, आणि आडाचं पाणी सामाईक ठेवायचं ठरलं.

तिसऱ्या पर्वात शेवंता बदलली. अपूर्वा नेमळेकर गेल्या, कृतिका तुळसकर आल्या. यावेळी वीज मुळीच गेली नव्हती, त्यामुळं गावानं हे पोटात घातलं नाही. एका पक्षाचं म्हणणं, मेल्यावर चेहरा बदलतो, त्यात काय? दुसऱ्याचं म्हणणं, मग अण्णांचा कसा बदलला नाही? हा वाद अजून मिटलेला नाही. मंडईत नाटकाची गाडी उशिरा आली, लग्नात पंगत लांबली, बस चुकली, की कुणीतरी हळूच काढतं आणि तास जातो. परवा भाचा म्हणाला, सगळे भाग फोनवर आहेत, आत्ता लावतो आणि दाखवतो कोण खरं ते. त्यानं फोन काढलाही. दोन्ही पक्ष एकदम त्याच्यावर उलटले. "ठेव तो फोन खिशात. मोठा आला सोक्षमोक्ष लावाले!"